दुसऱ्या मजल्यावरची ब्राह्मी

आमच्या शेजारच्या काकांना सगळं आठवायचं, आणि तेच काका चाळभर सांगत फिरायचे, "मला हल्ली काही आठवत नाही हो."

मी लग्न होऊन ठाकूरद्वारच्या त्या चाळीत राहायला आले, ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची. रोज कुठे ना कुठे सभा, आठवड्याला एखादी फेरी, मध्येच हरताळ. मी जवळच्याच शाळेत शिकवायला होते. सामान लावून अजून कंबर सरळ केली नव्हती, तोच दारात हे गृहस्थ उभे. उंच, वाळकुडे, धोतरावर पोस्टातला जुना खाकी कोट. हातात वाटी, वाटीत हिरवंगार काहीतरी.

"ब्राह्मीची चटणी," ते म्हणाले. "स्मरणशक्तीला उत्तम."

"कुणाच्या?" मी विचारलं. स्वभावच तसा आहे माझा, काय करणार.

"माझ्या. पण एकट्याने औषध खायला मला आवडत नाही."

मी बोटाने चाखली. खोबरं, मिरची, लिंबू सगळं घालूनही ती आपली कडवटच होती. तोपर्यंत काकांनी माझं माहेर कुठलं ते विचारलं, मी दादरची वाडी सांगितली, आणि त्यांनी तिथल्या तिथे माझ्या वडिलांचं पूर्ण नाव, मजला आणि खोली सांगून टाकली. "जाड लिफाफे यायचे त्यांना. अक्षर डावीकडे कललेलं. पाठवणारे रत्नागिरीचे." ती माझ्या आत्याची पत्रं. काका पोस्टात सॉर्टर होते, पत्रं पत्त्यांप्रमाणे लावणारे. तीस-पस्तीस वर्षं मुंबईचं टपाल त्यांच्या हाताखालून गेलं होतं, आणि जाताना डोक्यात नोंद ठेवून गेलं होतं. ह्या माणसाला ब्राह्मी कशाला हवी, हे मला कळेना. वाटी मात्र मी धुऊन परत दिली, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरून आली.

त्यांच्या खोलीपुढची गॅलरी म्हणजे एक मळाच होता. तुपाचे डबे, फुटकी बादली, एक कान गेलेलं घंगाळं, सगळ्यांत ब्राह्मी. तिला सतत ओल लागते म्हणून काकांनी मोरीचं पाणी एका पन्हाळीने डब्यांपर्यंत आणलं होतं. ती पन्हाळ महिन्यातून एकदा तरी गळायची आणि खालच्या मजल्यावरच्या बाई वर तोंड करून काकांचा उद्धार करायच्या. काका कठड्यावरून वाकून शांतपणे म्हणायचे, "विसरलो हो. म्हणून तर औषध चालू आहे."

भिंतीला पोस्टातून मोडीत निघालेलं एक लाकडी कपाट होतं, लहान लहान खणांचं. पूर्वी त्यात गावागावांची पत्रं पडायची, आता झाडपाला होता. खणांवरच्या गावांच्या चिठ्ठ्या काकांनी काढल्या नव्हत्या. सुकवलेली ब्राह्मी बेळगावात, शंखपुष्पी शहापुरात, मालकांगोणीचं बी मालवणात. आक्रोड अकोल्यात. "बेळगाव संपत आलंय," असं ते गॅलरीतून मोठ्याने म्हणायचे, आणि चळवळीचे दिवस, त्यामुळे जिन्यातून जाणारा नवखा माणूस दचकून वर बघायचा.

चाळीत त्यांना सगळे विसरभोळे म्हणत. पुरुष मंडळी तर फारच खेचायची. "काका, काल तुम्ही मला जेवायला बोलावलं होतं, आठवतंय ना?" काका डोकं खाजवत हसायचे. मलाही गंमत वाटायची. नंतर मात्र त्या गमतीची मला लाज वाटली.

झालं असं. शनिवारी माझी शाळा अर्धा दिवस. दुपारी काकू माझ्या दारात आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, नऊवारी चापूनचोपून नेसलेल्या, बोलणं मऊ. "अगं पोरी, आमची किल्ली तुझ्याकडे ठेवली का गं ह्यांनी?" किल्ली त्यांच्याच कमरेला लटकत होती. मी दाखवली, दोघी हसलो. थोड्या वेळाने त्या पुन्हा आल्या, पुन्हा तेच विचारलं, त्याच शब्दांत. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी हसले नाही. त्यांचा हात धरून त्यांना घरात बसवलं आणि काका परत येईपर्यंत शेंगा सोलायला दिल्या. शेंगा त्यांनी झरझर सोलल्या, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने.

काका आले. त्यांना एका नजरेत कळलं. काकूंना आत पोहोचवून ते माझ्या दाराशी परत आले.

"मास्तरीणबाई, कुणाला बोलू नका."

"म्हणजे ते सगळं औषध..."

"तिचं. पण तिला वाटतं माझं आहे. मी म्हणतो, मला एकट्याला जात नाही, तूही घे. मग माझ्यासाठी म्हणून घेते." ते कठड्याला टेकले. "तिची थोरली बहीण अशीच होती. आधी किल्ल्या, मग वाटा, मग माणसं. शेवटी नवऱ्याला म्हणाली, तुम्ही कोण, घरी कुणी नाहीये, नंतर या. हिने ते डोळ्यांनी पाहिलंय. स्वतःचं तसं होतंय हे तिला कळलं, तर ती भीतीनेच जाईल. त्यापेक्षा मी वेंधळा ठरलेला बरा. मला काय, मी रिटायर माणूस."

मी शब्द दिला. माझ्या पोटात गोष्ट राहणं सोपं नाही, आमचे हे तुम्हाला सांगतील.

तेव्हापासून मी काकांच्या कटात सामील झाले. पाहते तर त्या घरातली चूक कुठलीही असो, ती काकांचीच असायची. आमटीत मीठ दोनदा पडलं की काका म्हणायचे, "मीच टाकलं गं मघाशी, तुला सांगायचं विसरलो." काकू कपाळाला हात लावून म्हणायच्या, "काय बाई ह्यांचं होणार." आणि माझ्याकडे बघून हळूच, "नीट घेते हो मी ह्यांची काळजी. चटणी चुकू देत नाही."

औषधाचा काकांचा एक नियम होता. कुठलीही नवी वस्तू आधी आठ दिवस त्यांनी स्वतः खायची, मगच काकूंना. मालकांगोणीचं तेल फार उष्ण. काकांच्या ओळखीचे एक वैद्यबुवा होते, त्यांनी दोन थेंब सांगितले होते. तिला द्यायचं म्हणजे पुरती परीक्षा झाली पाहिजे, म्हणून काकांनी चमचाभर घेतलं, आणि सकाळभर गॅलरीत उघडे बसून घाम पुसत राहिले. "कसं काय वाटतंय?" मी विचारलं. "मुंजीतले सगळे पाहुणे आठवले," ते म्हणाले. "त्यांनी काय काय आहेर केला तेसुद्धा." ते तेल काकूंना कधीच मिळालं नाही.

ब्राह्मीचा घोळ तर महिनाभर चालला. वसईहून पाला विकायला येणारी बाई गोल पानांची, वेलीसारखी पसरणारी वनस्पती आणायची आणि म्हणायची, हीच ब्राह्मी, आमच्या आजीपासून हीच. वैद्यबुवा म्हणाले, ती वेगळी, खरी ब्राह्मी बारीक जाड पानांची, पाणथळीत वाढते. काष्ठौषधीच्या दुकानदाराने दोन्हींना ब्राह्मी म्हटलं आणि सुकवलेलं तिसरंच काहीतरी पुडीत बांधलं. सॉर्टरच्या जिवाला हे कसं सोसावं? एकाच नावाचे दोघे एका वाडीत असले तर पोस्टमनला दोघांकडे पाठवून खात्री करून घ्यायची, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. त्यांनी दोन्ही रोपं घेतली, वैद्यबुवा आणि ती पालेवाली ह्यांना एकाच दिवशी चहाला बोलावलं आणि समोरासमोर बसवलं. वैद्यबुवांनी श्लोक म्हटले. बाईने पदर खोचला आणि म्हणाली, "बुवा, श्लोक ठेवा बाजूला, ही दोन पानं चावून दाखवा." शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की दुकानदाराला काही कळत नाही. काकांनी दोन्ही ब्राह्म्या लावल्या.

ते वैद्यबुवा फार सरळ माणूस. एकदा माझ्यासमोर काकांनी त्यांना विचारलं, "हिचं थांबेल ना?" बुवा म्हणाले, "थांबेल असं मी म्हणणार नाही. झाडपाल्याने गेलेलं परत येत नाही. असलेलं जरा जपलं जातं, तेही सगळ्यांचं नाही. डॉक्टरांनाही दाखवून घ्या. आणि तिला झोप पुरेशी द्या, रोज चालवा, बोलती ठेवा, हाताला काम द्या. गाणी येतात त्यांना?"

"ओव्या येतात."

"मग त्या म्हणवून घ्या. माझ्या काढ्यापेक्षा त्याचाच उपयोग होईल."

डॉक्टरही दुसरं काही बोलले नाहीत. काकांनी सगळं अक्षरशः पाळलं. सकाळी चौपाटीपर्यंत दोघं चालत जात, परत येताना काकू वाटेतल्या दुकानांची नावं म्हणत. मग गॅलरीत तेलाचा कार्यक्रम. खोबरेल तेलात ब्राह्मीचा रस आटवून काका ते घरीच करायचे, आणि त्याच्या वासावरून मी त्यांच्याशी एकदा कडाक्याचं भांडलेही होते. "जरा डोकं दे गं, तेल उरलंय, वाया जाईल," असं म्हणून ते काकूंच्या मागे बसत आणि त्यांच्या पांढऱ्या केसांत बोटांनी तेल जिरवत. तोंडाने पत्ता चाललेला. काका म्हणत, "वाडी?" काकू सांगत. "चाळ?" सांगत. "मजला?" "दुसरा." "पोस्ट?" "ठाकूरद्वार, मुंबई दोन." रोज. जसं काही काकाच तो विसरणार होते आणि काकू त्यांना शिकवत होत्या. उन्हं तिरपी आलेली, ब्राह्मीच्या पानांवर पाणी, आणि ही दोघं. मी शाळेला निघता निघता दोन मिनिटं थांबायचीच, मला फार बरं वाटायचं ते बघून.

स्टोव्हची मात्र खरी भीती होती. पेटता स्टोव्ह ठेवून काकू दोनदा बाहेर निघून गेल्या होत्या. ह्यावर काकांनी जो उपाय काढला तो त्याच वर्षांत सुचला असता. रस्त्यावरून रोज फेऱ्या जायच्या, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" असं एक जण ओरडायचा आणि सगळे म्हणायचे, "झालाच पाहिजे." काकूंच्या जिभेवर ते पक्कं बसलं होतं. काकांनी तेच उचललं. खोलीतून बाहेर पडताना ते उंबऱ्यावर उभे राहून हात वर करून म्हणायचे, "स्टोव्ह बंद," आणि काकू आतून खणखणीत आवाजात, "केलाच पाहिजे." आणि खरोखर जाऊन बंद करायच्या. "दाराला कडी..." "लावलीच पाहिजे." "विसरभोळ्या नवऱ्याला चटणी..." "दिलीच पाहिजे." पुढे महाराष्ट्र झाला, रस्त्यावरच्या घोषणा थांबल्या, त्या खोलीतल्या चालूच राहिल्या.

एका हरताळाच्या दिवशी सकाळी काका दूध मिळतंय का बघायला खाली गेले होते. तेवढ्यात रस्त्यावरून बायकांचा मोर्चा गेला. काकू घोषणा ऐकून जिना उतरल्या आणि सरळ त्यांच्यात सामील झाल्या. काका परत आले तर खोली उघडी, काकू नाहीत. त्या दिवशी मी काकांना पहिल्यांदा पळताना पाहिलं. आमचे हे एका बाजूला, मी एका बाजूला, काका वेड्यासारखे वाडी-वाडीत डोकावत. दोन तास. आणि मग दोन अनोळखी बायका काकूंना हाताला धरून जिना चढून आल्या. काकू घामाघूम, आवाज बसलेला, पण चेहरा कसा फुललेला.

"चौपाटीपर्यंत आल्या आमच्याबरोबर," त्यातली एक म्हणाली. "मग म्हणाल्या, घर कुठे ते लक्षात येत नाही. पण पत्ता विचारला तर पोस्टमनसारखा घडाघडा सांगितला."

काका तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. पत्त्याने बायको घरी आणली होती. दुसरी बाई हसत म्हणाली, "यजमानांचं नाव विचारलं तर काही केल्या घेईनात. मान खाली घालून हसल्या नुसत्या. जुनी माणसं, काय करायचं."

सगळे हसले. काकाही हसले. संध्याकाळी ते माझ्या दाराशी आले तेव्हा मात्र चेहरा उतरलेला होता.

"मास्तरीणबाई, तिने नाव घेतलं नाही, की तिला आलं नाही?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. काकू त्या वळणाच्या, जन्मभर नवऱ्याचं नाव तोंडाने न घेतलेल्या. अहो म्हणायचं, हे म्हणायचं, लोकांत 'आमच्या घरचे' म्हणायचं. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, सणावाराला. त्यामुळे ते नाव त्यांच्या डोक्यात आहे की गेलं, हे कळायला मार्गच नव्हता. त्या विसरल्या असत्या तरी वागल्या असत्या तशाच.

"अहो, सरळ विचारा ना," मी म्हटलं.

"विचारलं आणि नाही आलं, तर? मग दोघांनाही कळेल." ते जायला वळले आणि पुन्हा फिरले. "पत्ता येतो तिला. पण त्या पत्त्यावर कोण राहतं ते यायला हवं ना हो."

चैत्र आला. चाळीतल्या गौरीचं हळदीकुंकू त्या वर्षी माझ्याकडे होतं. आंबेडाळ, पन्हं, ओटीला भिजवलेले हरभरे. दुपारी चारपासून बायका जमल्या. काकांनी मला आधीच बजावलं होतं, "उखाण्याच्या वेळी तिला वगळा. सगळ्यांसमोर नको." मी शब्द दिला होता. तरी त्यांना राहवलं नाही. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषाने येऊ नये म्हणून ते आपल्या दारापुढे, माझ्या खिडकीला लागून, ब्राह्मीची पिकली पानं काढत बसले.

उखाणे सुरू झाले. एकेकीचा झाला, माझा झाला, हशा झाला. काकूंचा नंबर आला तेव्हा मी ताट उचलून म्हटलं, "चला, पन्हं घ्या आता." काकू म्हणाल्या, "अगं थांब, माझा राहिला."

आणि उठून उभ्याच राहिल्या. पदर सारखा केला. "चैत्रगौरीपुढे वाढली आंब्याची डाळ..." एवढं सरळ आलं. मग थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "आंब्याची डाळ..." पुढे काही येईना. बायका आधी हसत होत्या, मग एकमेकींकडे बघू लागल्या. काकूंच्या चेहऱ्यावर ती भीती आली, जी काकांनी इतकी वर्षं दाराबाहेर अडवून धरली होती. मला बाहेर पानं खुडल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. ओळ सुचवावी म्हणून मी तोंड उघडलं, आणि मला एक अक्षर आठवेना.

काकूंनी डाळीचा नाद सोडला. खिडकीकडे तोंड केलं आणि काकांचं नाव घेतलं. पुढे राव नाही, मागे यमक नाही, अहोजाहो काही नाही. आई मुलाला जेवायला हाक मारते, तसं नुसतं नाव.

"ओ," बाहेरून काका म्हणाले.

मग एक बाई फिस्सकन हसली आणि सगळी खोली हसली. काकूही हसल्या, तोंडाला पदर लावून, नव्या नवरीसारख्या. मी ताट खाली ठेवलं आणि रडले. बायकांना वाटलं हिला काय झालं. नंतर बाहेर जाऊन पाहिलं तर काकांनी पिकल्या पानांच्या नादात एक अख्खा डबा ब्राह्मी खुडून बोडकी केली होती.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "आई गेल्यापासून मला ह्या नावाने कुणी हाक मारली नव्हती." आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, काही लपवलं नाही.

त्या दिवसापासून काकूंची भीड मोडली. अहो म्हणायचं आहे हेच त्या विसरल्या, आणि भर दुपारी गॅलरीतून काकांना नावाने हाका मारू लागल्या. चाळीतल्या जुन्या बायका म्हणाल्या, "शोभतं का हे ह्या वयात?" काका म्हणाले, "मला शोभतं." चटणी चालू, तेल चालू, फिरणं चालू. आणखी काही वर्षं दोघांची फार छान गेली. ती ब्राह्मीमुळे गेली की रोजच्या चालण्या-बोलण्यामुळे, की काकूंच्या नशिबाने, मला सांगता येणार नाही. वैद्यबुवांनाही सांगता आलं नाही.

मग हळूहळू सगळं गेलंच. दुकानांची नावं गेली, पत्ता गेला, घोषणा गेली. मी कोण हे काकूंना कळेनासं झालं, आणि मला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. ते एक नाव तेवढं टिकलं. दुसरं कुठलं नावच उरलं नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांना तेच लावायच्या. दूधवाल्याला तेच, वैद्यबुवांना तेच. मी भाजी निवडत दारात बसले असले, की काकू गॅलरीत येऊन माझ्याकडे बघून गोड हसायच्या आणि काकांचं नाव घेऊन मला हाक मारायच्या. मी काही बोलायच्या आत, आतून काका ओ द्यायचे.